सपाट छपराची परीक्षा

घर विकत घेण्यापूर्वी त्याच्या छपराची परीक्षा घ्यावी, एवढाच साधा निर्णय मी १९८३ सालच्या मे महिन्यात घेतला. तो घेतला नसता, तर आज मुलुंडच्या त्या घराच्या दारावर माझ्या नावाची पाटी असती.

माझे शालेय शिक्षण इयत्ता चौथीपर्यंतच झाले. पुढील सर्व विद्या मी गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडता मांडता, ग्रंथालयाच्या पुस्तकांतून स्वतः संपादन केली. (ग्रंथपाल मला ‘परबगुरुजी’ म्हणत. त्यात उपहास होता, असे माझ्या पत्नीचे मत आहे.) निवृत्तीनंतर लालबागची खोली सोडून स्वतःचे घर घ्यावे, ही इच्छा वस्तुतः पत्नीची, म्हणजे रत्नप्रभेची. तिला वाळवण घालण्यास मोकळी जागा हवी होती. चाळीच्या कठड्यावर तिने घातलेले पापड एकतीस वर्षे खालच्या मजल्याने खाल्ले होते.

मुलुंड पूर्वेस राजाध्यक्षांचे घर पाहिले आणि तिचा शोध संपला. श्री. नंदकुमार राजाध्यक्ष व त्यांच्या पत्नी क्षमाबाई हे उभयता मुलीकडे पुण्यास राहावयास जाणार होते. घर मंगलोरी कौलांचे. परंतु स्वयंपाकघराच्या मागील बाजूस त्यांनी एक खोली वाढविली होती आणि तिच्यावर सपाट सिमेंटचा स्लॅब घातला होता.

मी लोखंडी शिडीने त्या स्लॅबवर चढलो आणि अक्षरशः थक्क झालो. आमच्या कणकवलीकडे छप्पर म्हणजे उतार. आम्ही पावसाला घटकाभरही वर थांबू देत नाही. येथे मात्र दहा बाय बारा फुटांची एक सपाटी, जणू कोणी अंगणच उचलून घराच्या पाठीवर ठेवले होते. पूर्वेस मिठागरांचे चौकोन चमकत होते, पश्चिमेस डोंगर होते, आणि चाळीस वर्षांत प्रथमच माझ्या डोक्यावर कोणीही राहत नव्हते. मी टोपी काढली. (का काढली, हे मला आजही सांगता येणार नाही.)

“दहा पावसाळे काढलेत ह्या स्लॅबने. थेंब नाही,” राजाध्यक्ष खालून म्हणाले.

“घ्या की मग,” रत्नप्रभा म्हणाली.

तेथेच होकार द्यावयाचा होता. परंतु गृहबांधणीवरील एक चारशे पानी ग्रंथ मी नुकताच वाचला होता. सपाट छपरावर चहूबाजूंनी बांध घालून तीन इंच पाणी तीन दिवस तुंबवावे, पातळी कायम राखावी आणि खालून छत निरखावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मी राजाध्यक्षांस तसे सांगितले. ते सज्जन गृहस्थ. त्यांनी अनुमती दिली. क्षमाबाईंनी माझ्याकडे नीट पाहून घेतले, इतकेच.

रविवारी मी माझ्या मेहुण्यास, धाकूस, घेऊन गेलो. संपात गिरणी सुटल्यापासून तो मरोळला एका कारखान्यात लागला होता. सुटीच्या दिवशी त्याच्याकडून काम करवून घेणे हा मी माझा हक्क समजत असे. त्याने परसातली चिकणमाती वर आणली आणि बांध मी घातला. सांगण्यास संकोच वाटत नाही, तो बांध देखणा झाला. चाळीस वर्षे मातीला हात न लावलेला मी मनुष्य. पण चिखल हाती येताच बोटांस सर्व काही आठवले. त्यानंतर धाकूने परसातल्या विहिरीतून साठ बादल्या पाणी ओढले.

पाणी स्थिरावले आणि त्यात आकाश उतरले. एक पांढरा बगळा मिठागरांकडून आला, बांधावर उतरला आणि विचारपूर्वक उभा राहिला.

“भावोजी, ह्यात भाताची लावणी करूया?” धाकूने विचारले.

मलाही तोच विचार सुचला होता.

दुसऱ्या दिवशी एक चमत्कार दृष्टीस पडला. उन्हाने पाणी किंचित उतरले होते, म्हणून मी दहा बादल्या ओतविल्या. (धाकूची रात्रपाळी होती, दिवसा तो मोकळाच असे.) पाणी तीन इंचांच्या खुणेपर्यंत चढले आणि तेथेच थांबले. आणखी दहा ओतविल्या. पातळी तिळभरही हलली नाही. आणखी वीस ओतविल्या, तरी नाही. खाली छत तर कोरडे ठणठणीत. इतके पाणी पिऊन टिपूसही न गाळणारे छप्पर! मी राजाध्यक्षांस खालच्या खोलीत खुर्चीवर बसविले आणि आधुनिक सिमेंटच्या सामर्थ्यावर चार शब्द बोललो. तेही छताकडे पाहत राहिले. आपल्या घरात असे काही आहे, याची त्यांनाही कल्पना नव्हती.

मी सूर्याच्या शोषणशक्तीकडे वळणार होतो, इतक्यात स्वयंपाकघरातून क्षमाबाईंची हाक आली. आवाज मोठा नव्हता. म्हणूनच आम्ही धावलो.

स्वयंपाकघराच्या माळ्यावरून पाण्याची धार लागली होती. माळ्यावर वर्षाचे तांदूळ होते, गाद्या होत्या आणि पुण्याच्या लेकीसाठी केलेल्या कुरडयांचे दोन डबे होते. पंधरा दिवस उन्हात वाळविलेल्या त्या कुरडया आता फुगून, मऊ होऊन, आपल्या मूळ अवस्थेस परत गेल्या होत्या.

उलगडा शिडीवर चढताच झाला. वाढीव खोली बांधताना स्लॅब स्वयंपाकघराच्या माळ्यावरील झरोक्याला टेकला होता. आणि भिंतीकडील बांधाला, नेमके त्या झरोक्यासमोर, चार बोटे रुंदीचे एक सुबक तोंड होते. भातखाचराच्या बांधाला आम्ही असे तोंड ठेवतो; वरचा कुणगा भरला की जास्तीचे पाणी खालच्या कुणग्यात जाते.

“गाढवा, हे तोंड कशाला ठेवलेस?” मी विचारले.

“मी नाय ठेवलंय. तुमीच ठेवलास,” धाकू शांतपणे म्हणाला. “माका वाटला, पुस्तकात तसा लिवलेला आसतला.”

माझ्या बोटांस खरोखरच सर्व काही आठवले होते.

क्षमाबाई म्हणाल्या, “परबसाहेब, तुम्हांला हे घर मिळणार नाही. कुलूप घालून ठेवीन, पण तुम्हांला देणार नाही.”

मी दिलगिरीची दोन वाक्ये जुळवीत होतो. आमचे डबे पोहोचवावयास आलेली रत्नप्रभा पिशवी घेऊन दारात उभी होती. एकतीस वर्षांनी दिसलेले तिचे वाळवणाचे ठिकाण माझ्यामुळे हातचे जात होते. तिने पिशवी खाली ठेवली. पदर खोचून ती शिडी चढली, तिने माझा बांध पायाने मोडला, पाणी परसात सोडले आणि खाली पाहून एवढेच म्हणाली, “क्षमाताई, तांदूळ वर द्या. अजून ऊन आहे.”

चार दिवस ती रोज सकाळी मुलुंडला जात होती. दोघींनी स्लॅबवर तांदूळ पसरले, गाद्या उलटसुलट केल्या, पुन्हा चीक शिजवून नव्या कुरडया घातल्या. चौथ्या दिवशी तांदूळ खडखडीत वाजले. मी फाटकाबाहेर उभा असे. मला आत बोलावीत नसत. वरून दोघींचे हसणे ऐकू येई आणि त्यात माझे नाव वारंवार येई.

“घर देते,” क्षमाबाई शेवटी म्हणाल्या. “पण ह्यांना. तुम्हांला नाही.”

खरेदीखत सौ. रत्नप्रभा गुणाजी परब यांच्या नावे झाले. साक्षीदार म्हणून पहिली सही धाकूने केली, दुसरी मी.

आम्ही तेथे राहू लागल्यास आता पाच वर्षे झाली. दारावर पत्नीच्या नावाची पाटी आहे. स्लॅबखालची खोली मला दिली आहे. तिच्या छताकडे पाहून मी अजूनही अचंबित होतो, कारण त्यातून खरोखरच थेंब येत नाही. दर मे महिन्यात मला वर चढण्याची रीतसर परवानगी मिळते. कुरडया वाळत असतात आणि कावळे हाकलावयास कोणीतरी लागते. मी छत्री उघडून आकाशाखाली बसतो आणि तो आनंद शब्दांत मावत नाही.

फक्त शिडी चढण्यापूर्वी रत्नप्रभा माझी झडती घेते. बादली चालते, पुस्तक वर नेण्यास मनाई आहे.