सेलूकर सरांचे अधिक-उणे

सेलूकर सरांना वेळ विचारायची सोय नव्हती. ‘‘सव्वापाच,’’ ते म्हणायचे, आणि विचारणारा चार पावलं गेला की मागून हाक यायची, ‘‘अधिक-उणे चार मिनिटं!’’ माझ्या मुलीच्या बारशाचं आमंत्रण द्यायला गेलो, तर ‘‘येण्याची शक्यता ऐंशी टक्के, अधिक-उणे दहा,’’ असं उत्तर मिळालं. आले मात्र आख्खे, आणि जेवलेही आख्खे.

औरंगाबादच्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. राहायलाही भिंतीला भिंत. प्रयोगशाळेत त्यांना एकच वेड, यील्डचं. अमुक रसायनं घातली तर हिशेबानं किती पदार्थ मिळायला हवा आणि प्रत्यक्षात किती हाती लागला, त्याची टक्केवारी. वर तराजू किती चुकू शकतो, त्याचं अधिक-उणे. वजन तीनदा केल्याशिवाय ते कुणाला सोडत नसत. ‘‘एका वजनावर विश्वास ठेवणारा उद्या ज्योतिषाकडंही जाईल,’’ म्हणायचे.

एकदा फर्दापूरचा एक विद्यार्थी नाचतच आला. ‘‘सर, एकशे सहा टक्के आलं!’’

‘‘वा! घातलं त्यापेक्षा जास्त निघालं. प्रतिसृष्टीच केलीस की रे. पदार्थ ओला आहे. पाण्याचं वजन करून आलास. वाळव.’’

‘‘लई वाळवलं की, सर!’’

‘‘अजून वाळव.’’

हे ‘पदार्थ ओला आहे’ पुढं सगळ्या जगाला लागू झालं. प्राचार्य भाषणात ‘शंभर टक्के प्रयत्न’ म्हणाले की शेवटच्या रांगेतून पुटपुट यायची, ‘‘ओला आहे.’’ शंभर टक्क्यांची भाषा करणारा माणूस थापाड्याच असतो, अशी त्यांची ठाम समजूत होती. तिला मात्र अधिक-उणे नव्हतं.

कॉलेजनं मोडीत काढलेला एक तराजू त्यांनी स्वयंपाकघरात आणून ठेवला होता. नलिनीवहिनी दर उन्हाळ्यात मेतकूट करायच्या. डाळी-तांदूळ भाजून झाले की सर वजन करून कॉलेजला जायचे. दुपारी वहिनी गिरणीतून दळून आणायच्या. संध्याकाळी सर पुन्हा वजन करायचे, तर दरवर्षी नव्वदच टक्के भरायचे. मग दुसऱ्या दिवशी सकाळी चाँदभाईच्या गिरणीवर तमाशा.

‘‘चक्की का बी पेट रहता, सर,’’ चाँदभाई काकुळतीला यायचा. ‘‘दो-तीन टक्के खाती. बाकी का मेरेकू क्या मालूम?’’

‘‘म्हणजे बाकीचं तुम्ही खाल्लंत!’’

ते बाकीचे सात टक्के कुठं जातात, हे मला ठाऊक होतं. दुपारीच ते एका डब्यातून अंगणातल्या मधल्या भिंतीवरून आमच्याकडं यायचे. ‘‘ह्यांना बोलू नका हं, लगेच हिशेब मांडतील,’’ असं वहिनी माझ्या बायकोला बजावायच्या. मग आम्ही मऊ भातावर तूप आणि चाँदभाईची बदनामी कालवून जेवायचो.

एका हिवाळ्यात वहिनी गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. सरांनी रजासुद्धा वाढवली नाही. प्रयोगशाळेत तराजूसमोर बसून राहायचे. कुणी काही विचारलं तर नुसता आकडा सांगायचे, त्यापुढं काही नाही. त्यांची टिंगल करायची सवय लागलेल्या आम्हाला त्यांच्याशी साधं बोलता येईना.

उन्हाळ्यात एका दुपारी ते दारात उभे. हातात डबा.

‘‘मेतकूट केलं. चाँदभाईकडनंच दळलं. सत्त्याण्णव टक्के भरलं.’’

मी दार पुरतं उघडलं.

‘‘चक्की तीच, दळणारा तोच, तराजू तोच. नुसती ती नाही.’’ त्यांनी मधल्या भिंतीकडं पाहिलं. ‘‘चाँदभाईची माफी मागून आलो. हे तुमचे सात टक्के.’’

मी डबा घेतला, पण त्यांनी तो पुरता सोडला नाही.

‘‘जरा चाखून सांगा. तिच्यासारखं झालंय का?’’

‘‘सर, ते तुम्हालाच जास्त कळणार.’’

‘‘तिच्या हातचं चमचाभर उरलंय बरणीत. ताडून बघायलाच ठेवलं होतं. पण ताडायचं म्हणजे चाखावं लागतं. अन् चाखलं की संपलं.’’

मी डब्याचं झाकण काढलं.

‘‘तीनदा चाखा,’’ ते म्हणाले.

डाळ करपली होती आणि हिंग जहाल झाला होता. मी तीनदा चाखलं.

‘‘शंभर टक्के, सर. अगदी वहिनींच्या हातचं.’’

आता ‘ओला आहे’ येणार, म्हणून मी मान खाली घालून थांबलो. सरांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

‘‘तिसऱ्यांदाही?’’

‘‘तिसऱ्यांदाही.’’

‘‘बरं,’’ ते म्हणाले. ‘‘मग पुढच्या वर्षीही असंच करतो. भिंतीवरनं देईन.’’