घास कुठं पोहोचला?

आमच्या गल्लीतल्या कादर सरांनी कोणाला ‘जेवले का?’ असं कधी विचारलं नाही. ते विचारायचे, ‘किती वाजता जेवले?’ आपण भाबडेपणानं ‘अकराला’ म्हटलं की ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत आणि सांगत, ‘मंग आता जठरात घुसळण चालू असन. लहान आतड्यात जाले वेळ हाय अजून.’ एवढं सांगून ते आपल्या वाटेनं निघून जात. आपण मात्र दुपारभर पोटावर हात ठेवून बसायचं.

सर बाळापूरच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि अकोल्याला जुन्या शहरात, आमच्या समोरच्या घरात राहायला आले. शाळा सुटली तरी पचनसंस्थेचा धडा काही सुटला नाही. एकदा त्यांनी आपल्या ओट्यापासून आमच्या ओट्यापर्यंत दोरी ताणून बांधली.

‘पाहा, एका माणसाचं लहान आतडं!’

तेवढ्यात भाजीवाली गाडा घेऊन आली. दोरीपाशी थबकून म्हणाली, ‘कोनाचं आतडं हाय ते उचला ना जरा. माही मेथी सुकून राह्यली.’

माझ्या बाबांचं आणि त्यांचं मुळीच जमत नसे. बाबांचं सगळं आयुष्य तेल्हाऱ्याच्या शेतात गेलेलं. दोन भाकरी ते पाच मिनिटांत संपवत. एका लग्नात सर त्यांच्या पंगतीला आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘वासुदेवभाऊ, पोटाले दात नसतात. तुमी जेवून नाई राह्यले, पोतं भरून राह्यले.’

बाबा ताटावरून उठले नाहीत एवढंच. पण त्यानंतर वर्षभर ते सरांशी बोलले नाहीत.

मग गेल्या हिवाळ्यात बाबांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, बोलणं अडखळलं आणि गिळणंही गेलं. नाकातून नळी घालून त्यांना दवाखान्यातून घरी आणलं. महिनाभर मी त्या नळीतून पातळ अन्न सोडत होते आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहत. अखेर डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता गिळता येईल. बसवून, घट्टसर, अर्धा अर्धा चमचा द्या. दवाखान्यात त्यांनी करूनही दाखवलं. पण घरी माझा हात काही पुढे होईना. घास श्वासनळीत गेला तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दारात उभे. गल्लीत बातमी लपत नाही.

‘बेटी, येऊ का?’

बाबांनी डोळे वटारले. सरांनी लक्ष दिलं नाही. त्यांनी बाबांच्या पाठीशी दोन लोड लावले, त्यांना ताठ बसवलं, हनुवटी जराशी खाली करायला लावली.

‘भाऊ, गळ्यात एक झाकण असते. आपण गिळलं का ते श्वासाची वाट बंद करते. तुमचं झाकण झोपलं होतं, आता जागं झालं. घाई करू नोका.’

मग मला म्हणाले, ‘दे.’

मी गाळलेलं घट्ट वरण अर्धा चमचा बाबांच्या तोंडात घातलं. सरांनी दोन बोटं हलकेच बाबांच्या गळ्यावर ठेवली. कंठमणी वर चढला, खाली आला.

‘गेला! आता पुन्हा एकदा कोरडंच गिळा. हां. आता बोला काहीतरी, आवाज पाहू द्या.’

बाबांनी बराच वेळ ओठ जुळवले. म्हणाले, ‘मीठ... नाई.’

मी हसले, रडले, दोन्ही केलं. वाटी हळूहळू अर्धी झाली. वळून पाहते तर सर खोलीत नव्हते. ओट्यावर बसले होते, टोपी काढून हातात धरलेली. मी चहा घेऊन गेले.

‘सर, काय झालं?’

‘रशिदाची अन्ननलिका बंद झाली होती,’ ते म्हणाले. रशिदा म्हणजे त्यांची बायको. सर आमच्या गल्लीत येण्याआधीच वारलेली. ‘शेवटी शेवटी घोटभर चहा मागे. मले म्हणे, तीस वर्षं पोरांले शिकवलं, मले सांगा, घोट काहून उतरत नाई? मी बसलो तिच्यापाशी, कागदावर आकृती काढली. कुठं अडते, काहून अडते, सारं समजावलं. तिनं चुपचाप ऐकून घेतलं.’

त्यांनी टोपीची शिवण बोटानं चाचपली.

‘तिले आकृती नोती पाह्यजे, बेटी.’

तेवढ्यात आतून बाबांचा घोगरा आवाज आला, ‘मास्तर... आत या.’

सर डोळे पुसून आत गेले. बाबांनी डाव्या हातानं पांघरूण ओढून पलंगावर जागा केली. दोघं बसून राहिले, दुपार होईपर्यंत. सर पोटाबद्दल एक अक्षरही बोलले नाहीत. तेल्हाऱ्याच्या कपाशीची चौकशी करत होते, आणि बाबा एकेक शब्द जुळवून उत्तर देत होते.