जगतापकाका आणि टोमॅटोच्या कुंडीतला अँटेना

जगतापकाकांना काहीही सांगायला गेलं की ते तळहात दाखवून थांबवतात आणि म्हणतात, "आधी ठिकाण."

मला हे आमच्या ओळखीच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. माझ्या स्वयंपाकघरातला नळ निखळला होता, पाणी ओट्यावरून खाली वाहत होतं आणि आमच्या इमारतीचा हाउसमाइस्टर, म्हणजे दुरुस्त्या बघणारा माणूस, फोन उचलत नव्हता. मी ओल्या पायांनी वरच्या मजल्यावर काकांकडे धावले आणि दारातच सगळं एका दमात सांगायला लागले. समोर तळहात आला. "आधी ठिकाण. मग काय झालं ते. मग माणसं किती. रडायचं सगळ्यात शेवटी." मी म्हटलं, स्वयंपाकघर, नळ, एकटी. काका पाना घेऊन खाली आले आणि पाच मिनिटांत पाणी बंद झालं. रडायचं राहूनच गेलं.

काकांची सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात पोलीस वायरलेसवर गेली. कानाला हेडफोन, समोर वही, आणि कुठल्यातरी घाटातून कुणीतरी घाबरून ओरडतोय. घाबरलेला माणूस पत्ता सोडून सगळं सांगतो, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं. काकू गेल्यावर मुलीने, अश्विनीने, त्यांना न्युरेम्बर्गला आणलं. अश्विनी आणि तिचा नवरा श्टेफान दोघंही सकाळी साडेसातला बाहेर पडतात ते संध्याकाळी सहाला येतात. मधल्या वेळात काका, त्यांची बाल्कनी आणि जर्मनीतली शांतता. ही शांतता काकांना पसंत नव्हती. "इथं कुत्रीसुद्धा परवानगी काढून भुंकतात," ते म्हणायचे.

जानेवारीत एके दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि कोर्टात दाखल करायचा असावा असा एक कागद पुढे ठेवला. डिजिटल स्कॅनर, म्हणजे नुसता ऐकायचा रेडिओ, घ्यायचा होता. इथले पोलीस, अग्निशमन, अॅम्ब्युलन्स एकमेकांशी कसे बोलतात ते त्यांना ऐकायचं होतं. भाषा कळत नसली तरी चालेल, ते म्हणाले, कंट्रोल रूम कशी चालते ते नुसत्या आवाजावरून सांगतो. कागदावर अटी होत्या. आवाज कमीजास्त करायला फिरवायचं बटण पाहिजे, पडद्यावर बोट घासायचं नाही. स्पीकर पुढच्या बाजूला पाहिजे. आणि शेवटची अट लाल शाईत: "बोलणारा घाबरलाय का, ते कळलं पाहिजे."

आम्ही रेडिओच्या दुकानात गेलो. दुकानदार सावकाश बोलणारा, कामात मुरलेला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की ही सगळी खाती आता कुलूपबंद डिजिटल यंत्रणेवर बोलतात, कुठलाही स्कॅनर ते उलगडू शकत नाही, आणि तसा प्रयत्न करणंही इथे गुन्हा आहे. मी हे मराठीत सांगताना जरा चाचरले. मला वाटलं, म्हातारा माणूस खट्टू होईल. काका मात्र ताठ उभे राहिले. त्यांनी खिशातलं पेन काढलं, कागदावरची पोलीस-अग्निशमनची पहिली ओळ पट्टी लावल्यासारखी सरळ खोडली आणि म्हणाले, "बरोबर केलंय. आमच्या वेळी आमचं बोलणं नाक्यावरचा न्हावीसुद्धा ऐकायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा." मग त्यांनी विचारलं की काय ऐकायला परवानगी आहे.

परवानगी होती हौशी रेडिओवाल्यांची. परीक्षा देऊन, परवाना काढून, आपापल्या घरातून एकमेकांशी बोलणारी ही माणसं. त्यांचं बोलणं कुणीही ऐकावं, फक्त परवान्याशिवाय मध्ये बोलायचं नाही. डोंगरावर त्यांचं एक केंद्र असतं, ते आवाज पकडतं आणि लांबपर्यंत पुढे पाठवतं. दुकानदाराने तीन स्कॅनर समोर मांडले. काकांनी तिन्हींवर तेच केंद्र लावायला सांगितलं आणि डोळे मिटून प्रत्येकाला वीस मिनिटं दिली. दुकानदाराने मला कॉफी आणून दिली, मग बिस्किटं, आणि शेवटी बसायला खुर्ची. तासाभराने काकांनी डोळे उघडून मधल्यावर बोट ठेवलं. "हा माणसाचा आवाज माणसाचाच ठेवतो. बाकीचे दोघं त्याला डब्यात घालतात."

खरी लढाई घरी होती. पूर्ण शनिवार स्कॅनर मुका. आम्ही आकडे तपासले, डिजिटलचा प्रकार बदलून पाहिला, माहितीपुस्तिका मी जर्मनमधून वाचली आणि काकांनी न वाचता समजून घेतली. जुन्या रेडिओत आवाज लांबचा असला तरी खरखरीतून माणूस कळायचा. डिजिटलमध्ये येतो तर स्वच्छ येतो, नाहीतर काहीच नाही. काकांना हे फार खटकलं. "खरखर नाही म्हणजे तिथं कुणी आहे की नाही, हेच कळत नाही." रविवारी सकाळी त्यांना शोध लागला की दोष खिडकीच्या काचेत आहे. थंडी बाहेर ठेवायला काचेवर धातूचा पातळ थर असतो, तो आवाजही बाहेरच ठेवतो.

म्हणजे अँटेना बाल्कनीत हवा. पण भिंतीला काही ठोकायचं तर हाउसफरवाल्टुंगची, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या कचेरीची, लेखी परवानगी लागते. अर्ज केला. उत्तर यायला किती दिवस लागतील ते त्यांनाही माहीत नव्हतं. काकांनी नियम मला तीनदा वाचायला लावला. "बाहेरच्या भिंतीस कोणतीही वस्तू जोडू नये." त्यांनी रिकामी कुंडी घेतली, त्यात बांबू रोवला, बांबूला अँटेना बांधला आणि वसंतात त्याच कुंडीत टोमॅटोचं रोप लावलं. भिंतीला काहीच जोडलेलं नव्हतं. मे महिन्यात टोमॅटोचा वेल अँटेनावर चढला आणि जर्मन शेजारणी त्याच्या आधारकाठीचं कौतुक करायला लागल्या.

त्या केंद्रावर दिवसा फारसं कुणी बोलत नसे. सगळे कामावर. पण रोज सकाळी दहाला एक म्हातारा यायचा. स्कॅनरच्या पडद्यावर नाव उमटायचं: ग्युंटर. आधी गाव सांगायचा, क्रेनबाख, चर्चच्या गल्लीतलं शेवटचं घर, पाण्याच्या टाकीशेजारी. मग बाहेरचं तापमान, टेकडीवर धुकं आहे का, सफरचंदाला कळ्या आल्या का. शेवटी विचारायचा, कुणी ऐकतंय का? थोडा थांबायचा, आभार मानायचा आणि जायचा. कुणी उत्तर देत नसे. काका मला सांगायला आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "आधी ठिकाण सांगतो. कुणी शिकवलं असेल याला?"

जूनमधल्या एका मंगळवारी मी घरून काम करत होते. दहा वाजून गेल्यावर दारावर थाप पडली. काका जिन्याच्या उघड्या खिडकीपाशी उभे. कानाला फोन, दुसऱ्या हातात आखूड अँटेना लावलेला स्कॅनर. त्यांनी एकशे बारा हा आणीबाणीचा नंबर लावला होता. स्कॅनरमधून धापा टाकत कुणीतरी बोलत होतं. मला शिडी, सफरचंदाचं झाड आणि पाय एवढे शब्द कळले. ग्युंटर झाडावरून पडला होता. त्याचा फोन घरात होता आणि कमरेला फक्त रेडिओ. मी काकांच्या हातातून फोन घ्यायला पुढे झाले. तळहात आला.

काकांना जर्मन येत नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. फोनवरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कुठे नक्की?" आणि काकांचे खांदे सैल झाले. आपल्याच खात्यातलं कुणीतरी भेटावं तसे ते बोलायला लागले. शब्द ग्युंटरकडून रोज ऐकून उचललेले; व्याकरण नव्हतं, क्रियापदं नव्हती, पण एक शब्दही फुकट नव्हता. क्रेनबाख. चर्चची गल्ली. शेवटचं घर. पाण्याची टाकी. मागची बाग. एक माणूस, म्हातारा. शिडी, पडला. पाय. शुद्धीवर, रेडिओवर बोलतोय. बाईंनी विचारलं, तुम्ही त्यांच्याशी बोलू शकता का? काका म्हणाले, "नाइन, नाही. मला फक्त ऐकायची परवानगी आहे." बाईंनी सगळं परत वाचून दाखवलं. काकांनी प्रत्येक शब्द ऐकला आणि म्हणाले, "गेनाऊ." अगदी बरोबर, या अर्थाचा हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधीच ऐकला नव्हता.

मग आम्ही दोघं माझ्या बाल्कनीत स्कॅनर ठेवून बसलो. ग्युंटर मधूनमधून विचारत होता, कुणी आहे का. आवाज बारीक होत चालला होता. काकांनी हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते. एकदा मात्र ते त्या यंत्राकडे वाकले, ज्यातून एक अक्षरही बाहेर जाऊ शकत नाही, आणि हळूच मराठीत म्हणाले, "गाडी निघालीय. पाय हलवू नका." थोड्या वेळाने ग्युंटरच्या आवाजामागे सायरन ऐकू आला. तो एवढंच म्हणाला, "आले." काकांनी घड्याळ बघितलं, वेळ टिपून घेतली आणि माझ्याकडे चहा मागितला, साखर दुप्पट घालून.

पुढचे दिवस काकांचे. क्रेनबाख गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचे दोघं जण गणवेशात त्यांना भेटायला आले आणि काकांनी त्यांना शिरा खायला घातला. इमारतीतले लोक जिन्यात थांबून हात मिळवायला लागले. हाउसफरवाल्टुंगकडून पत्र आलं की अँटेना भिंतीला लावायला हरकत नाही. काकांनी ते फाइलला लावलं आणि अँटेना कुंडीतच ठेवला, कारण टोमॅटो लागले होते. हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबने त्यांना वर्गाला बोलावलं. परीक्षा जर्मनमध्ये. काकांनी प्रश्न आणि उत्तरं दोन्ही पाठ केली. स्वयंपाक करताना, जिना चढताना ते विजेचे नियम जर्मनमध्ये पुटपुटायचे. श्टेफान रोज रात्रीच्या जेवणाआधी त्यांची उजळणी घ्यायचा. सासरा आणि जावई एकमेकांशी इतकं बोलताना अश्विनीने पहिल्यांदाच पाहिलं. ऑक्टोबरमध्ये काका पास झाले. निकाल ऐकून त्यांनी परीक्षकांना सॅल्यूट ठोकला आणि परीक्षक गोंधळून उभे राहिले.

परवाना हातात पडला तोवर ग्युंटरही इस्पितळातून घरी परतला होता. क्लबने एक रेडिओ उसना दिला. दहाला नेहमीसारखा ग्युंटर आला. क्रेनबाख, तापमान, धुकं. कुणी ऐकतंय का? काकांनी बटण दाबलं. गाव सांगितलं, मजला सांगितला, नाव सांगितलं. मग म्हणाले, "मी ऐकतोय."

पलीकडून ग्युंटरने विचारलं, कधीपासून? काका म्हणाले, फेब्रुवारीपासून, रोज.

त्याच रविवारी ग्युंटरने केक खायला बोलावलं. अश्विनी गाडी चालवत होती, काका पुढे, मी मागे. दोन म्हातारे त्या बागेत चार तास बसले. एक काठी टेकत झाडं दाखवत होता, दुसरा प्रत्येक झाडाचं नाव जर्मनमध्ये परत म्हणून दाखवत होता. मला दुभाषी म्हणून नेलं होतं, पण मी केकच खाल्ला.

परतताना अश्विनीने इतके महिने मनात ठेवलेली एक गोष्ट विचारली. ती म्हणाली, बाबा, तुम्ही फेब्रुवारीपासून रोज सकाळी शर्टाला इस्त्री करता, भांग पाडता, बूटसुद्धा घालता. मला वाटायचं, आम्ही गेल्यावर तुम्ही एकटेच कुठेतरी जाता आणि आम्हाला सांगत नाही. कुठे जायचात?

काका खिडकीबाहेर बघत होते.

"कुठं जाणार," ते म्हणाले. "दहाला माणूस घरी यायचा. त्याच्यासमोर बनियनवर कसं बसायचं?"

पुढच्या सिग्नलला अश्विनीने गिअरवरचा हात उचलला आणि त्यांच्या इस्त्रीच्या बाहीवर ठेवला.