परतीच्या हेतूचा पुरावा

चिरंजीव ज्या देशात नोकरीला होते, तिथे पाहुण्याला दारात उभं करण्याआधी तो कधी आणि कशासाठी परत जाईल हे सरकारला पटवून द्यावं लागे. नियम वाईट नव्हता. आलेला पाहुणा जाणार कधी ही काळजी घरोघरी असतेच. तिथे ती सरकारने आपल्या डोक्यावर घेतली होती, एवढंच. त्यासाठी पाहुणे परवाना कार्यालय नावाची चार मजली इमारत होती आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर 'परतीचा हेतू' हा स्वतंत्र विभाग होता.

चिरंजीव एका लिफ्टच्या कंपनीत दुरुस्तीची वेळापत्रकं आखत. या देशात त्यांना सात वर्षं झाली होती. सहाव्या मजल्यावर भाड्याचं घर, बायको, चार वर्षांची मुलगी. मातोश्री मायदेशी, वय एकाहत्तर, दोन खोल्यांच्या घरात एकट्या. नातीच्या लेखी आजी म्हणजे एक कपाळ आणि अर्धा चष्मा, कारण व्हिडिओ कॉलला फोन नेमका कुठे धरायचा हे मातोश्रींना अजून जमलेलं नव्हतं. त्यांना तीन महिन्यांसाठी यायचं होतं. सगळं प्रकरण एवढंच होतं.

अर्जात सातवा रकाना होता 'येण्याचे कारण'. चिरंजीवांनी तो मनापासून भरला. मी एकुलता एक, आईचा माझ्यावर फार जीव, वडील गेल्यापासून ती एकटी, नातीकडे तिचे डोळे लागलेले. सोबत नातीने काढलेलं एक चित्र जोडलं. त्यात तिघं हात धरून उभे होते आणि वर, सूर्याच्या जागी, अर्धा चष्मा होता.

तीन आठवड्यांनी अर्ज नामंजूर होऊन परत आला. चिरंजीव अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुसऱ्या मजल्यावर गेले. खिडकीमागच्या अधिकारी बाई स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी फाईल काढली, खुर्ची पुढे ओढली आणि सगळं समजावून सांगितलं.

"अर्जदार बाई विधवा. एकुलता मुलगा इथे, एकुलती नात इथे. 'फार जीव आहे' असं तुम्हीच लिहून दिलंय. मग त्या परत कशाला जातील?"

"घर आहे ना तिचं तिथे."

"घरात कोण आहे?"

"कोणी नाही."

"बघा."

"अहो, पण ती माझी आई आहे."

"तीच तर अडचण आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच सहानुभूती होती. "मावशी किंवा काकू असत्या तर मी आजच शिक्का मारला असता. आईच्या बाबतीत कार्यालय फार धास्तावलेलं असतं."

चित्राचं काय झालं ते चिरंजीवांनी विचारलं. बाईंनी पान उलटून दाखवलं. चित्राच्या कोपऱ्यात लाल शाईत नोंद होती : 'पुरावा क्रमांक नऊ. आकर्षण, तीव्र स्वरूपाचे. अर्जदाराच्या विरोधात वाचावा.'

अशा वेळी जे सगळे करतात तेच चिरंजीवांनी केलं. चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानामागे, एका खिडकी नसलेल्या खोलीत, आपल्याच भाषेतले एक सल्लागार बसत. एकोणीस वर्षं या देशात मुरलेला माणूस. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"साहेब, हा अर्ज आहे की रडगाणं?" ते म्हणाले. "प्रेम ठेवा, नको कोण म्हणतंय? पण ते फाईलमध्ये कशाला? फाईलमध्ये आईला तिकडे खेचणारी माणसं दाखवायची आणि इकडे खेचणारी कमी करायची. आता सांगा, तिकडे त्यांचं कोण आहे?"

चिरंजीवांनी आठवायला सुरुवात केली. वडील नाहीत. मावशी होती, ती गेली. अकरा कुंड्या होत्या. आणि खालच्या मजल्यावरची एक शेजारीण होती, तिच्याशी मातोश्रींचं गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून सहा वर्षं भांडण चालू होतं.

सल्लागारांचे डोळे चमकले. "हे आधी नाही सांगायचं? चालू भांडण अर्धवट टाकून कोणी परदेशात राहत नाही. पत्र आणा शेजारणीचं. भांडण खरं आहे, चालू आहे आणि पुढेही चालू राहील, असं स्पष्ट लिहून घ्या."

रविवारी चिरंजीवांनी आईला फोन केला. पलीकडे कपाळ दिसू लागलं.

"तिचं पत्र?" मातोश्री म्हणाल्या. "अरे, तिच्याशी मी बोलत नाही. पत्र मागायला जाऊ कोणत्या तोंडाने?"

"आई, छकुलीसाठी."

मातोश्री गेल्या. नातीचं नाव काढल्यावर त्या कुठेही गेल्या असत्या. शेजारणीने दार उघडलं, आत घेतलं, सहा वर्षांनी पहिल्यांदा चहा केला. दोघी संध्याकाळपर्यंत बसल्या. जाताना शेजारणीने सुवाच्य अक्षरात दोन पानी पत्र लिहून दिलं की आमचं भांडण अत्यंत कडवट असून ते मिटण्याची कोणतीही शक्यता नाही, आणि खाली लिहिलं, 'आपली स्नेहांकित'.

कार्यालयाने पत्र परत पाठवलं. शेरा होता : 'उभयपक्षी संबंध सलोख्याचे दिसतात. भांडणाचा ताजा पुरावा सादर करावा.' झालं, मातोश्रींना पुन्हा खाली जावं लागलं. या वेळी दोघींनी ठरवून जिन्यात उभं राहून अर्धा तास भांडण केलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी साक्षीदार म्हणून त्याचं टिपण काढलं. मास्तरांनी टिपणात दोन्ही बाजूंना गुणही दिले होते. ठरवून केलेल्या त्या भांडणात जुनं काहीबाही निघालं, शब्दाला शब्द वाढला, आणि दोघींचं बोलणं खरोखरच पुन्हा बंद झालं. कार्यालयाने हा पुरावा ग्राह्य धरला.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. कार्यालयाने आता वर्षभराच्या फोनची यादी मागवली. दर रविवारी सकाळी, सरासरी बावन्न मिनिटं. सल्लागारांनी यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"बावन्न मिनिटं? बोलता तरी काय एवढं?"

"काही नाही. काय जेवलीस, गुडघा कसा आहे, नळाला पाणी किती वाजता आलं."

"बंद करा ते. पंधरा दिवसांतून एकदा, सात मिनिटं. भावनिक अंतर दिसलं पाहिजे, साहेब. सहा महिने कळ काढा."

चिरंजीवांनी कळ काढली. सुरुवातीला ते टेबलावर घड्याळ ठेवून बोलत. सहाव्या मिनिटाला मातोश्री स्वतःच म्हणत, "ठेव आता, नाहीतर माझं येणं राहील." गुडघ्याचं सांगता सांगता फोन बंद होई. नात विचारी की आजी मध्येच का जाते. सूनबाई तिला सांगत, आजीला आपल्याकडे यायचंय ना, म्हणून. हे उत्तर चार वर्षांच्या मुलीला पटलं नाही, पण कार्यालय तिचं म्हणणं विचारात घेत नसे. पुढे पुढे घड्याळाची गरज राहिली नाही. पाच मिनिटांत बोलणं संपू लागलं, आणि एका पंधरवड्यात तर चिरंजीव फोन करायचाच विसरले. सल्लागारांनी त्याबद्दल त्यांची पाठ थोपटली.

मग प्रतिज्ञापत्राची पाळी आली. मातोश्रींनी लिहून द्यायचं होतं की मला मुलाकडे कायम राहण्याची इच्छा नाही, आणि त्याची कारणं म्हणून मुलाचे दोष नमूद करायचे होते. चिरंजीवांना हे आईला सांगताना फार जड गेलं.

"तुला वाईट नाही ना वाटणार असं लिहायला?"

"वाईट कसलं? खरंच आहे ते," मातोश्री म्हणाल्या. "तुझ्याकडे कायमचं कोण राहणार? तुमचं ते सहाव्या मजल्यावरचं बंद घर. खिडकीतून हाक मारली तर ओ द्यायला माणूस नाही. मला पोरीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवायचाय, तिला दोन गोष्टी सांगायच्यात, आणि मग माझी मी परत येणार. हे मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय. मला कोणी विचारलंच नाही."

मग त्यांनी विचारलं, "आणि दोष काय लिहू? आईने मुलाचे दोष लिहायचे असतात का?"

"एखादा लिही. चालेल."

आठवड्याने चार पानं आली, पाठपोट. चिरंजीव लहानपणी ताटात भाजी टाकत इथपासून ते बोलताना समोरच्याचं पुरं ऐकून घेत नाहीत इथपर्यंत, वर्षवार. सूनबाईंनी ती पानं स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचली, दोनदा वाचली.

"छान लिहिलंय आईंनी," त्या म्हणाल्या. "दोन मुद्दे राहिलेत. घालू का मी?"

सहा मुद्द्यांची पुरवणी जोडून फाईल गेली. आता तिचं वजन नातीहून थोडं कमी होतं. महिनाभराने उत्तर आलं : 'नमूद दोष सर्वसाधारण स्वरूपाचे आहेत. याहून वाईट मुलांकडेही माता आनंदाने राहिल्याची उदाहरणे कार्यालयाकडे आहेत. यजमानाने समक्ष मुलाखतीस यावे.'

मुलाखतीच्या दिवशी चिरंजीव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मुलाखतीनंतरचा निकाल अंतिम असे; आता अर्ज फेटाळला गेला तर पुढची पाच वर्षं नवा अर्ज करता येणार नव्हता, आणि मातोश्रींना तेव्हा शहात्तरावं लागणार होतं. गुडघ्याने आत्ताच जिना नको म्हणायला सुरुवात केली होती. पाच वर्षांनी आई विमानात बसू शकेल का, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो झटकून टाकला, कारण रांगेत त्यांचा नंबर पुकारला गेला.

अधिकारी बाई त्याच होत्या. त्यांनी फाईल उघडली. शेजारणीचं पत्र, मास्तरांचं टिपण, फोनची यादी, दोषांची चार पानं आणि पुरवणी, सगळं त्यांनी शांतपणे चाळलं आणि मान हलवली.

"मेहनत घेतलीय तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू? मन भरत नाही. भांडण म्हणाल तर ते मिटू शकतं. फोन कमी केलेत, ते उद्या वाढतील. या सगळ्याच्या मागे कुठेतरी माया आहे असं वाटत राहतं. ओळख पटवण्यापुरता तुमचा पासपोर्ट द्या, मग शेरा लिहिते."

काय शेरा असणार हे चिरंजीवांना कळून चुकलं. त्यांनी पासपोर्ट दिला. बाईंनी फोटो पाहिला, चिरंजीवांकडे पाहिलं, आणि सवयीने पुढची पानं उलटली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग त्या थांबल्या, पुन्हा पहिल्या पानावर आल्या आणि बोट ठेवून प्रत्येक शिक्का वाचू लागल्या.

"हा तिसऱ्याच देशाचा शिक्का, कामाचा?"

"हो, कंपनीचं प्रशिक्षण होतं."

"आणि हे?"

"सुट्टी. समुद्रकिनारा. मुलगी लहान होती, लांबचा प्रवास झेपला नसता."

"हे सलग तीन उन्हाळे?"

"तेही सुट्टीच."

"म्हणजे आईकडे सात वर्षांत एकदाच. पाच वर्षांपूर्वी. नऊ दिवस."

"त्यातही दोन दिवस जाण्यायेण्यातच गेले," चिरंजीव घाईने म्हणाले. "रजा मिळत नव्हती हो. नंतर मुलगी झाली. मग घर बदललं. दरवर्षी म्हणतो, या वर्षी जाऊ. आईच म्हणते, उगाच धावपळ करू नकोस. आता परवाना मिळाला की तीच येईल, म्हणून मग."

बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"कारणं सांगू नका. त्याने प्रकरण कमजोर होतं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच निवळला होता. "हे आधी का नाही दाखवलंत? दहा महिने उगाच घालवलेत. सात वर्षांत ज्या मुलाला आईकडे एकदाच जावंसं वाटलं, त्याच्याकडे आई कायमची राहील अशी भीती कार्यालयाला वाटत नाही. शिवाय हा पुरावा बनवलेला नाही. एका दिवसात बनवता येण्यासारखा नाहीच हा."

त्यांनी शिक्का मारला. तीन महिने, मंजूर. नातीचं चित्र फाईलमधून काढून परत दिलं आणि म्हणाल्या, "हे आता लागणार नाही."

चिरंजीवांनी बाहेर येऊन फोन लावला. कपाळ दिसलं.

"आई, मिळाला परवाना."

"मिळाला?" मातोश्री म्हणाल्या. फोन हातातून सटकून घराचं छत दिसू लागलं आणि नाक ओढल्याचा आवाज आला. मग चष्मा परत आला. "बरं झालं बाई. शेजारणीच्या पत्राने काम झालं का रे? तसं असेल तर तिला सांगून येते. आता अबोला धरण्यात काय अर्थ आहे?"

"कागद पूर्ण होते आपले," चिरंजीव म्हणाले, आणि सात मिनिटं होण्याआधीच त्यांनी फोन ठेवला.

बाहेरच्या बाकांवर तीस-चाळीस माणसं जाडजूड फाईली मांडीवर घेऊन बसली होती. सल्लागारही दोन अशिलांना घेऊन तिथेच होते. चिरंजीवांच्या हातातला शिक्का बघून सगळे भोवती जमले. कोणतं पत्र लावलंत? किती दोष लिहिलेत? चिरंजीवांनी फार आढेवेढे घेतले, पण शेवटी सांगितलं. फाईल लागत नाही. पासपोर्ट पुरतो.

 एकेकाने आपापला पासपोर्ट काढला आणि पानं उलटायला सुरुवात केली. एक जण पुटपुटला, "माझी अकरा वर्षं," आणि त्याचा चेहरा उजळला. सल्लागारांनी मात्र आपला पासपोर्ट उघडला नाही. त्यांना त्याची पानं पाठ असावीत. त्या सकाळी दुसऱ्या मजल्यावर जेवढे अर्ज गेले तेवढे सगळे मंजूर झाले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाने हा निकष रीतसर परिपत्रक काढून भिंतीवर लावला. त्यात अगदी खाली, बारीक अक्षरात एक टीप आहे, ती बहुतेक जण वाचत नाहीत : 'सदर निकष लागू होण्यासाठी आई व मूल वेगवेगळ्या देशांत, किंवा वेगवेगळ्या घरांत, राहत असलेच पाहिजेत असे नाही.'