बोरकरच्या खिडकीतल्या कवट्या

आमचा शेजारी बोरकर रामराम करायच्या आधी माणसाचं नख दाबायचा. दाबलं की पांढरं, सोडलं की लाल. लाल व्हायला जरा उशीर झाला की मान हलवायचा, "रक्त सुस्त आहे गा!" एका लग्नात त्यानं नवरदेवाचंच बोट धरलं. मंगलाष्टकं राहिली बाजूला.

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात तो एक्सरे काढायचा. शिक्षण माझ्याएवढंच, तोरा मोठ्या डॉक्टरचा. बायको टिकली नाही. टिकंल कशी? खिडकीला पडदे नाहीत, लोकांच्या कवट्यांच्या खराब प्लेटा लटकवलेल्या!

माझ्या बायकोच्या, यमुनेच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. ओठ, नखं कायम निळी. पुढंपुढं चक्कर येऊन पडू लागली, तेव्हा मेंदूत रक्त कसं पोचतं ते पाहायला डॉक्टरांनी मानेतून औषध सोडून प्लेटा काढायला सांगितल्या. काढणारा कोण, तर हाच दीडशहाणा.

चार महिन्यांत ती गेली. तेरवीला हार घालायला फोटो नाही. जन्मात काढू दिला नाही. "ओठ निळे दिसतील," म्हणायची. "अवं, फोटो काळा-पांढरा असते!" "तरी दिसतील."

शेवटी लाज सोडून बोरकरच्या दारात गेलो. "तिच्या डोक्याची प्लेट तरी दे."

"भेटत नाही भाऊ. रेकॉर्ड आहे."

"आग लागो तुझ्या रेकॉर्डले! जगाच्या कवट्या टांगतं, अन् माझी मले देत नाही?"

तो उठला. खिडकीतली मधली प्लेट काढून माझ्या हातात दिली.

"हे खराब झालेली. वैनी हलल्या."

"काहून हलली?"

"मी म्हटलं, श्वास रोका. तं म्हणे, जन्मापासून तेच करून राहिली ना बाप्पा! अन् हसल्या. त्या खोलीत इतक्या वर्षांत कोणी हसलं नव्हतं, भाऊ. खराब प्लेटा त्यातली चांदी काढाले भट्टीत जातात. हे नाही जाऊ देल्ली."

म्हणजे रोज ज्या खिडकीकडं पाहून मी थुंकायचो, तिथंच ती होती.

प्लेट उजेडाकडं धरली. डोक्यात रक्ताच्या बारीक फांद्या, अन् खाली हसताना हललेली हनुवटी, दोनदा उमटलेली.

बोरकरनं माझं बोट धरून नख दाबलं. एरवी मी हात झटकायचो.

लाल व्हायला वेळ लागला असंल. त्यानं मान हलवली नाही.