घाटघरच्या जेवणाची पावती

सन १९०८ च्या भादव्यात कारकून सावळाराम भातपिकाचा अंदाज घ्यायला तीन दिवस घाटघरला गेला आणि तिथं जेवला. सरकारात याहून गंभीर गोष्टी घडल्या असतील, पण त्यांचं दप्तर एवढं जाड झालं नाही.

दौऱ्यातल्या जेवणाला रोज तीन आणे मिळत. अट एवढीच, की जेवण विकणाऱ्याची पावती हवी. घाटघरात जेवण विकणारं कुणी नव्हतं. तिन्ही दिवस गावातल्या सोनीबाईनं त्याला घरी नाचणीची भाकरी वाढली, आणि त्यानं पैसे पुढं करताच ती रागावली. "पावण्याकडनं भाकरीचं पैकं घेतलं तर आमी माणसं कशाची?"

सावळाराम सरळ माणूस. त्यानं जेवणखर्चाच्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं. इथंच त्याचं चुकलं.

अव्वल कारकुनांनी शेरा मारला : इसम फुकट जेवला असल्यास ती लाच होय. जेवला नसल्यास, उपाशी माणूस तीन दिवस डोंगर चढेल हे संभवत नाही, सबब दौराच खोटा. दोन्ही बाबतींत बडतर्फी. आपण पाहुणा म्हणून जेवलो, असं सावळारामानं लिहून दिलं. तसा रकाना छापलेला नाही, असं उत्तर आलं.

घरी चार तोंडं खाणारी. तो पुन्हा घाटघरला गेला. सोनीबाईनं आधी जेवू घातलं, मग सगळं ऐकून घेतलं.

"तुमची नवकरी ऱ्हात असंल तर घ्या पावतीवर अंगठा," ती म्हणाली. "पर पैकं नगं."

पावती पाहून कचेरीला समाधान वाटलं. नऊ आणे मंजूर झाले. रिवाजाप्रमाणे नक्कल शेजारच्या मेजावर गेली आणि तिथं उघडकीस आलं, की सोनीबाई नावाची बाई विनापरवाना खानावळ चालवते. दंड पाच रुपये, न भरल्यास म्हैस जप्त. नोटीस बजावायला वाट माहीत असलेला माणूस हवा, म्हणून सावळारामालाच धाडलं.

खरं बोलावं, तर पावती खोटी ठरून नोकरी जात होती. तो खरं बोलला नाही. मला त्याचा राग येतो, पण त्याच्या जागी मी काय केलं असतं ते मी सांगणार नाही. त्यानं मंजूर झालेले नऊ आणे सोनीबाईपुढं ठेवले, आणि या खेपेला तिनं ते घेतले. बाकीच्यासाठी म्हैस बेल्ह्याच्या बाजारात विकली गेली.

हल्ली घाटघरात पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी पैसे मागतात. डोंगरातली माणसं फार लोभी झाली, असं आपण परवा तिकडच्या दौऱ्यावरून आल्यावर चारचौघांत म्हणालात. पावती मात्र आपण आठवणीनं आणलीत.