अरुणा नसलेलं विश्व

"अनेक विश्वांचा सिद्धान्त मी आपल्या सोसायटीला वीस मिनिटांत पटवून दाखवतो!" वाशीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या सुधीर महाडिकने छातीठोकपणे सांगितलं आणि कोपरखैरण्याच्या त्या सोसायटीत त्याला कोणी अडवलं नाही. शहाण्णव सालच्या गणपतीत वादविवादाचा विषय ठरला, 'विश्व एक की अनेक?'

विरोधात उभे राहिले सेक्रेटरी शहाजीराव. सोसायटीखालचा एसटीडी बूथही त्यांचाच.

"काय राव सर! ह्या एका विश्वात चौथ्या मजल्यावर पाणी चढंना, आन् तुमी आनखी विश्वं काढताय!"

मंडप खो खो हसला. सुधीर पेटला.

"अणू फुटला हेही खरं आणि फुटला नाही हेही खरं! त्या क्षणी जगाची दोन जगं होतात!"

चेहरे कोरेच. मग त्याने घरचं उदाहरण काढलं. लग्नाआधी एकाच आठवड्यात त्याने दोन मुली पाहिल्या होत्या, चिपळूणची अरुणा आणि डोंबिवलीची अबोली. दोन्हीकडचे पोहे फक्कड, दोन्ही पत्रिका जुळलेल्या. काही ठरेना, तेव्हा हा गडी लॅबमध्ये जाऊन किरणोत्सर्ग मोजायच्या जुनाट यंत्रासमोर बसला. पाच सेकंदांत यंत्र टिकटिकलं तर अरुणा, नाहीतर अबोली!

"इथे यंत्र वाजलं, म्हणून अरुणा! पण दुसऱ्या विश्वात ते वाजलं नाही आणि तिथे मी अबोलीचा नवरा आहे!"

टाळ्यांचा कडकडाट! पहिला नंबर! बक्षिसाचा स्टीलचा डबा घेताना त्याला दिसलं, पुढच्या रांगेत बसलेली अरुणा टाळ्या वाजवत नव्हती.

घरी येऊन त्याने चहा मागितला.

"का? अबोलीने नाही दिला?"

"अगं, ते उदाहरण होतं!"

"तीन वर्षं मला वाटत होतं, तुम्हाला मी आवडले," अरुणा म्हणाली. "मी तर यंत्राने काढलेली चिठ्ठी निघाले."

अनंत चतुर्दशीला गणपती गेले. दुसऱ्या दिवशी अरुणा माहेरी, चिपळूणला गेली.

"येईल दोन दिवसांत!" सुधीर सगळ्यांना सांगत सुटला. दोनाचे दहा झाले. आंघोळ अर्धी झाली की नळाचं पाणी जायचं, तो आतून सवयीने ओरडायचा, "अरुणा, बादली!" आणि मग साबणाच्या फेसात तसाच उभा राहायचा. बादली सरकवणारं कोणी नव्हतं. कुकरवर रागावणारं कोणी नव्हतं. तिची इतकी आठवण यायची की कणीक मळतानाच डोळे भरून यायचे, आणि कणकेच्या हातांनी ते पुसताही यायचे नाहीत!

त्याने पत्र लिहिलं, 'प्रिय अरुणा, कुठल्यातरी विश्वात तू गेलीच नाहीस.' पोस्टकार्डावर उत्तर आलं, 'मग तिथेच सुखाने राहा.'

दारावर मासळी घेऊन येणारी धोंडूबाईही करवादली, "मास्तर, बाय नाय हाय तं म्हावरा कोन घेनार? आना तिला!"

शेवटी एका बुधवारी संध्याकाळी त्याने शहाजीरावांच्या बूथवरून चिपळूणला फोन लावला. बूथचं दार लागत नसे आणि रिसीव्हरमधला आवाज बाहेरपर्यंत ऐकू यायचा. मागे रांग, आणि रांगेत उरणच्या लेकीला फोन करायला आलेली धोंडूबाई.

"अरुणा, ये ना गं. घर खायला उठतं."

"एकच विचारते. यंत्र वाजलं नसतं तर?"

सुधीर फोनची वायर बोटाला गुंडाळू लागला. प्रयोगातलं रीडिंग बदलणाऱ्या पोरांची जर्नलं तो त्यांच्या तोंडावर परत फेकायचा. कॉलेजात त्याचा तेवढाच तर दरारा होता.

"सांगा की राव!" शहाजीराव कुजबुजले.

"खोटा नको बोलू हां, मास्तर!" धोंडूबाईने बजावलं.

"वाजलं नव्हतं," सुधीर पुटपुटला.

"काय?"

"पाच सेकंद झाले, वाजलं नाही. म्हटलं, अजून थोडं बघू. सात झाले, नऊ झाले. अकराव्या सेकंदाला वाजलं. वाजेपर्यंत मी उठणारच नव्हतो, अरुणा."

"म्हणजे प्रयोगात लबाडी केलीत?"

"हो."

"मोठ्याने सांगा."

"अगं, लोक ऐकतायत!"

"मंडपातही ऐकत होते."

सुधीरने डोळे मिटले आणि अख्ख्या सेक्टरला ऐकू जाईल असा ओरडला, "मी रीडिंग बदललं! मला तूच हवी होतीस!"

रांगेने टाळ्या वाजवल्या. शहाजीरावांनी कौतुकाने हात जोडले. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रविवारी येते. स्टँडवर या," अरुणा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सुधीर तरंगतच बूथबाहेर आला. मग थांबला आणि बोटांवर दिवस मोजू लागला. विश्वं किती का असेनात, रविवार सगळीकडे अजून चार दिवस लांब होता!